धुराची गाळणी आणि मालमोटारवाल्याची तक्रार

कायद्याचा इतिहास सांगताना तो कोणी केला, केव्हा केला आणि त्यात काय म्हटले, एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. तो पाळण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले, हा प्रश्न मागेच राहतो. अमेरिकेतील डिझेलच्या धुराचा इतिहास आम्ही आज या दुसऱ्या टोकाकडून पाहणार आहोत. धूर शुद्ध करणारी यंत्रणा गाडीतून काढून टाकावी असे तिकडचे पुष्कळ मालमोटारवाले म्हणतात. काही जण ती काढूनही टाकतात. हे लोक असे का म्हणतात?

प्रथम कायदा पाहू. १९७० च्या शुद्ध हवेच्या कायद्याने ही यंत्रणा बिघडवण्याची मनाई केली ती फक्त कारखानदारांना आणि विक्रेत्यांना. १९७७ साली ती दुरुस्ती करणाऱ्यांना व गाड्यांचे ताफे बाळगणाऱ्यांनाही लागू झाली. १९९० साली 'कोणीही व्यक्ती' हे शब्द आले, आणि आपल्या एकुलत्या एका गाडीला हात लावणारा मालकही तिच्या कक्षेत आला. वीस वर्षांत बंधन कारखान्याच्या फाटकातून निघून चालकाच्या आसनापर्यंत पोहोचले.

याच काळात त्याचा धंदाही पालटला. १९८० च्या कायद्याने मालवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण सैल झाले, स्पर्धा वाढली आणि दर उतरले. कर्ज काढून एक गाडी घेणारा आणि ती स्वतःच हाकणारा मालक बहुधा मैलावर पैसे मिळवतो. गाडी उभी राहिली की मिळकत थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्याची तक्रार समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी ध्यानात ठेवली पाहिजे.

या इतिहासातील पहिली मोठी लबाडी मात्र त्याची नव्हे. ऑक्टोबर १९९८ मध्ये डिझेल इंजिने बनवणाऱ्या सात बड्या कंपन्यांशी अमेरिकन सरकारने तडजोड केली. आरोप असा होता की, त्यांच्या सुमारे १३ लाख इंजिनांतील संगणक चाचणीच्या वेळी एक वागणूक ठेवत आणि हमरस्त्यावर दुसरी. रस्त्यावर इंधन वाचे, पण नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मर्यादेच्या तिपटीपर्यंत बाहेर पडत. दंड झाला ८ कोटी ३४ लाख डॉलर. सुधारणांचा खर्च धरून बोजा १०० कोटींच्या वर गेला. या तडजोडीमुळेच पुढचे कडक नियम ऑक्टोबर २००२ पर्यंत अलीकडे ओढले गेले, आणि घाईने आणलेली नवी यंत्रणा ज्याच्या गाडीत बसली तो या लबाडीत कोठेच नव्हता.

ती यंत्रणा तीन पायऱ्यांनी आली. आधी धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याची योजना; २००७ च्या नियमांबरोबर काजळी अडवणारी गाळणी; आणि २०१० च्या सुमारास युरियाचे पाणी धुरात फवारून ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाणी करणारे उपकरण. शास्त्र म्हणून हे उत्तम आहे. पण गाळणी तुंबते, ती तापवून काजळी जाळावी लागते, संवेदक खोटी सूचना देतात. दोष दुरुस्त झाला नाही तर संगणक इंजिनाची शक्ती कमी करीत जातो आणि अखेर गाडी ताशी ५ मैलांवर आणतो. भर रानात मालाने लादलेली गाडी अशी रांगू लागली म्हणजे तिच्या मालकाला शुद्ध हवेचे तत्त्वज्ञान सुचत नाही.

म्हणून तो म्हणतो, "इंजिन धड आहे, त्याला बांधलेली ही पेटी मला बुडवते." पण सगळ्यांचे मत एक नाही. जो नियम पाळतो, गाळणी साफ करून घेतो आणि दुरुस्तीचे बिल भरतो, त्याला यंत्रणा काढून स्वस्तात माल नेणारा शेजारी अन्यायी स्पर्धक वाटतो. त्याचेही म्हणणे खरे आहे.

आणि धूर कोणाची भीड धरीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. ज्यांच्या आरोग्याच्या अभ्यासावर हा निर्णय उभा होता, त्यांत खाणकामगार व रेल्वे कामगारांबरोबर मालमोटार-धंद्यातील कामगारही होते. गाळणी काढणारा आपल्याच व्यवसायबंधूंच्या छातीत काजळी भरतो.

अपराधाचे मापही नीट घेतले पाहिजे. नोव्हेंबर २०२० च्या सरकारी अहवालाने दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक गाड्यांची यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज दिला. पण तो लहान पिकअप गाड्यांचा होता, लांब पल्ल्याच्या मालमोटारींचा नव्हे. त्यांपैकी काही तर मुद्दाम काळा धूर सोडण्याच्या हौसेने फिरतात. पोटासाठी केलेला नियमभंग आणि हौसेसाठी केलेला नियमभंग हवेला सारखेच असले, तरी इतिहासकाराला ते सारखे मानून चालणार नाही. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये, पुण्यात १९६२ पासून नाव असलेल्या कमिन्सच्या अमेरिकन मूळ कंपनीने पिकअपच्या इंजिनांवरून अशाच आरोपाखाली १६७ कोटी ५० लाख डॉलर दंडाची तडजोड मान्य केली. म्हणजे १९९८ चा धडा कारखान्यांतही पुरता उतरला नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने युरियाच्या यंत्रणेतील दोषाबद्दल गाडीचा वेग एकदम न तोडता अधिक मुदत देण्याची सूचना कारखानदारांना केली. चालकाची तक्रार निराधार नव्हती, याची ही उशिरा मिळालेली कबुलीच होय.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात सहाव्या टप्प्याचे नियम लागू झाले, आणि मुंबई-पुणे रस्त्यावरील नव्या मालमोटारींतही गाळणी व युरियाची टाकी आली. आम्हांस वाटते, धूर रोखलाच पाहिजे. त्यात सूट नको. पण यंत्र टिकाऊ करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर, दुरुस्ती वाटेत मिळेल अशी सोय करण्याची जबाबदारी शासनावर आणि यंत्र जपण्याची जबाबदारी चालकावर, अशी वाटणी झाली पाहिजे. पहिल्या दोघांनी आपला वाटा उचलला नाही, तर तिसऱ्याच्या हातात पाना येणार, हे अमेरिकेच्या अनुभवाने आपल्याला आधीच सांगून ठेवले आहे.