जिजाईची चप्पल

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूला येते. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास स्थलांतरित झालेल्या ‘प्रभात’ने १९३६ मध्ये पडद्यावर हे देहू साकारले, ते ‘संत तुकाराम’मध्ये. त्याच वर्षीच्या ‘अमरज्योती’त दुर्गा खोटे यांची सौदामिनी, मूल नाकारणाऱ्या राजसत्तेविरुद्ध चाचेगिरी पत्करून दुर्जयाचा पाय तोडते. बोलपटातील भयकारी स्त्री म्हणून समीक्षेची नजर तिच्याकडेच वळावी, हे स्वाभाविक, पण अपुरे.

दामले-फत्तेलालांच्या चित्रपटात सालोमालोने तुकोबांना मोहविण्यास पाठविलेली गणिका हा रूढ संकेतातला धोका. तो तुकोबांच्या गायनापुढे सहज विरघळतो. खरा धोका घरात आहे. गौरी यांची जिजाई आजारी मुलाला घेऊन चप्पल उगारीत देवळात शिरते आणि प्रत्यक्ष विठ्ठलाला जाब विचारते. तिच्या संतापामागे वासना नाही, सूडही नाही. रिकामी चूल आहे. म्हणूनच गणिकेसारखे तिचे हृदयपरिवर्तन घडविण्याची सोय कथानकाला उरत नाही. (प्रेक्षक तिला हसतो, तेही एक आत्मसंरक्षणच!) सौदामिनीचे मूल हिरावले गेले होते, जिजाईची मुले तिच्यापाशीच आहेत, भुकेली. वैकुंठाचे विमान निघते, तेव्हा ती त्यांच्यासाठी मागे राहते.