मठातील स्वयंपाकी आणि अखंड प्रार्थनेचा वाद

सतत प्रार्थना करणे म्हणजे नेमके काय करणे? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्या शतकापासून उभा आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि शिष्यांना तिचे फाटे. फाटा वेलात असतो तसे त्यांनी आपल्यात राहावे, असे सांगतो. पौल थेस्सलनीका येथील मंडळीला अखंड प्रार्थनेचा उपदेश करतो. पण माणसाला झोपावे लागते, शेत नांगरावे लागते, भांडी घासावी लागतात. मग हे ‘राहणे’ दिवसाच्या कोणत्या तासात बसवायचे?

मठांनी यावर वेळापत्रकाचे उत्तर दिले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या नियमावलीने दिवसरात्रीचे प्रहर पाडून प्रत्येक प्रहराला प्रार्थना नेमून दिली. मधला वेळ श्रमाला आणि वाचनाला. हजार वर्षे हे उत्तर पुरेसे वाटले. १७व्या शतकात पॅरिसच्या एका मठातील स्वयंपाक्याने मात्र वेगळे उत्तर दिले आणि त्याच्या मृत्यूनंतर ते फ्रान्सच्या चर्चमधील एका कडवट भांडणात ओढले गेले.

या स्वयंपाक्याचे मूळ नाव निकोला एर्मान. जन्म १६१४च्या सुमारास, लोरेन प्रांतातील एका खेड्यात. तीस वर्षांच्या युद्धात तो सैनिक होता. एकदा जर्मन तुकडीने हेर समजून पकडले, फाशीची धमकी दिली, त्यातून सुटला. १६३५ साली रांबेरविलेर येथे जखमी झाला आणि सैन्य सुटले. पुढे एका धनिकाच्या घरी हुजऱ्या म्हणून राहिला. तिथे आपण हाती येईल ते फोडणारे धांदरट होतो, असे तो स्वतःच सांगत असे. १६४० मध्ये तो पॅरिसच्या वोजिरार रस्त्यावरील अनवाणी कार्मेलाइट मठात दाखल झाला आणि ‘ब्रदर लॉरेन्स’ झाला.

इथे मठातील उतरंड लक्षात घ्यावी लागते. लॅटिन जाणणारे संन्यासी गायनकक्षात स्तोत्रे म्हणत. लॉरेन्स होता सेवक-बंधू. अशा बंधूंना लॅटिन उपासनेऐवजी ‘प्रभूची प्रार्थना’ ठरावीक वेळा म्हणायची असे. उरलेला दिवस कष्टांचा. संत तेरेसाने सुधारलेल्या या संघात रोज दोन तास मौन ध्यानाचेही असत. लॉरेन्सला काम मिळाले स्वयंपाकघराचे, ज्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. ते त्याने सुमारे १५ वर्षे केले.

३ ऑगस्ट १६६६ रोजी जोसेफ द बोफोर नावाचा धर्मगुरू त्याला प्रथम भेटला. (याच महिन्यात शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, काळाचा अंदाज यावा म्हणून हा उल्लेख.) बोफोरने त्याच्याशी झालेली संभाषणे टिपून ठेवली. आज लॉरेन्सविषयी जे कळते त्यातील बरेचसे या टिपणांतून आणि त्याच्या काही पत्रांतून.

त्याची साधना थोडक्यात अशी. पुस्तकांत सांगितलेल्या ध्यानपद्धतींनी तो गोंधळून जाई, म्हणून त्याने त्या सोडल्या. हातातले काम देवावरील प्रेमापोटी करायचे, मग ते कढईतले ऑम्लेट उलटणे का असेना. आणि काम चालू असतानाच मनातल्या मनात देवाशी बोलत राहायचे. लक्ष भरकटले तर चूक मान्य करून पुन्हा वळायचे. स्वतःला कोसत बसायचे नाही. हे सहज साधले असे मात्र नाही. पहिली सुमारे १० वर्षे तो तीव्र मानसिक तळमळीत होता. आपला उद्धार होणार नाही, ही भीती त्याला छळत होती. लॉरेन्सचे नाव घेऊन ‘सोपी साधना’ सांगणारी मंडळी ही १० वर्षे बहुधा गाळतात.

बोफोरने टिपलेला एक प्रसंग विशेष बोलका आहे. मठासाठी द्राक्षमद्य विकत आणायला त्याला बर्गंडीला पाठवले गेले. व्यवहाराची त्याला अक्कल नव्हती आणि पाय तर अधू. नावेत एका जागेवरून दुसरीकडे जायला तो पिंपांवरून अक्षरशः लोळत जाई. तरीही काम पार पडले, कसे ते आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने सांगितले.

वादाचे बीज त्याच्या एका म्हणण्यात होते: प्रार्थनेची नेमलेली वेळ आणि इतर वेळ यांत आपल्याला फरक उरलेला नाही. वरिष्ठ सांगतील तेव्हा तो एकांतसाधनेला जाई, पण स्वतःहून ती मागत नसे. मग प्रश्न येतोच: फरक उरला नसेल, तर नेमलेल्या वेळा तरी कशाला?

लॉरेन्स १२ फेब्रुवारी १६९१ रोजी वारला. बोफोरने त्याची वचने, पत्रे आणि संभाषणे १६९२ व १६९४ मध्ये छापली. वेळ याहून वाईट असू शकत नव्हती. रोमने १६८७ मध्येच स्पॅनिश धर्मगुरू मोलिनोस याची ६८ विधाने निषिद्ध ठरवली होती. जीव पूर्ण निश्चल होऊन देवाच्या स्वाधीन झाला की नित्य साधनेची गरज उरत नाही, असा या ‘क्वाएटिझम’ मतावरील मुख्य आक्षेप. फ्रान्समध्ये मादाम गुयाँ याच संशयावरून १६९५ मध्ये कैदेत गेल्या. त्यांची बाजू घेणारे आर्चबिशप फेनेलाँ आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले बिशप बोसुए यांची लेखणीची लढाई थेट पोपच्या दरबारात पोहोचली. फेनेलाँ मृत्यूपूर्वी लॉरेन्सला भेटले होते. आपल्या बचावासाठी त्यांनी त्याचा दाखला दिला. १६९९ मध्ये पोपने फेनेलाँच्याच ग्रंथातील २३ विधाने दोषी ठरवली आणि त्या सावटाखाली स्वयंपाक्याचे पुस्तकही फ्रेंच कॅथलिकांच्या कपाटात मागे सरकले.

हा निव्वळ अन्याय होता. लॉरेन्सने मठाचा एकही नियम मोडला नव्हता. ठरावीक प्रार्थना तो इतरांसारखाच पाळत होता. पन्नास वर्षांच्या चाकोरीने जे त्याच्या अंगी मुरले, ते चाकोरीशिवायही मिळेल असा दावा त्याने कधी केला नाही. पण बोसुएंची भीतीही खोटी म्हणता येत नाही: चाकोरीत न राहिलेला वाचक त्याच पानावरून नेमका तोच अर्थ काढू शकत होता.

पुस्तक जगले ते प्रॉटेस्टंट वाचकांत. १८व्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने त्यातील निवडक भाग आपल्या ‘ख्रिश्चन लायब्ररी’ या ५० खंडांच्या मालेत घेतला. हाच वेस्ली तासातासाची रोजनिशी ठेवी आणि त्याच्या ऑक्सफर्डमधील मित्रमंडळाला काटेकोर दिनक्रमावरून ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, असे चिडवले जाई.