स्नॉरलॅक्स, जाडा ज्यो आणि आमचे बाबा

ज्यांना भाग ऐकायला वेळ झाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार.

२००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झालं, तेव्हा मी पहिलीत होतो. स्नॉरलॅक्स नावाचा तो ढोल्या रस्त्यात आडवा पसरलेला दिसला की आम्ही भावंडं ओरडायचो, "बाबा आले!" बाबाही हसायचे. जेवण झालं की त्यांची बसल्या जागी डुलकी लागायची आणि घोरणं पार जिन्यापर्यंत ऐकू जायचं. घरात त्यांचं नावच कुंभकर्ण.

मध्यंतरी मी या स्नॉरलॅक्सचा हिशोब मांडला. उंची २.१ मीटर, वजन ४६० किलो, रोजचा खुराक ४०० किलो. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. त्या सूत्राने नुसतं पडून राहायला स्नॉरलॅक्सला दिवसाला सुमारे ७,००० किलोकॅलरी लागतील. म्हणजे साडेपाच किलो भात! मग उरलेलं जातं कुठे?

शिवाय खऱ्या खादाडांना झोप परवडत नाही. हत्ती रोज दीडशे किलोच्या आसपास चारा खातो. बोट्स्वानातल्या दोन हत्तिणींवर उपकरणं लावून मोजलं, तर त्या दिवसाला सरासरी दोनच तास झोपत होत्या. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. कोआला भरपूर झोपतो, पण त्याचं कारण म्हणजे निलगिरीच्या पानांतून ऊर्जाच कमी मिळते. थोडक्यात, अफाट खाणं आणि अफाट झोप एकत्र दिसली तर कुठेतरी बग आहे.

तो बग माणसात सापडला, आणि त्याचं नाव आलं कादंबरीतून. डिकन्सच्या १८३६-३७ च्या 'पिकविक पेपर्स'मध्ये ज्यो नावाचा जाडा पोरगा आहे. खातो आणि उभ्या उभ्या झोपतो. १९५६ मध्ये बर्वेल आणि सहकाऱ्यांनी अशाच एका रुग्णाची नोंद केली. पोकर खेळताना हातात जबरदस्त पत्ते आले असताना हा गृहस्थ झोपी गेला होता! डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं 'पिकविकियन सिंड्रोम'. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांची झोप रात्रभर नोंदवली. झोपेत त्यांचा श्वास पुन्हा पुन्हा अडत होता. म्हणजे हे लोक जास्त झोपत नव्हतेच, त्यांना झोप मिळतच नव्हती. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवायचा उपाय मांडला.

गेल्या वर्षी बाबा सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या पेंगले. मागच्या गाडीच्या हॉर्नने जागे झाले म्हणून वाचले. तपासणीत कळलं, स्लीप ॲप्निया. आता रात्री मशीन लावतात, दुपारी माझ्याशी वाद घालतात.

आम्ही वीस वर्षं हसलो, याचं वाईट वाटतं. तुमच्या घरात असा कुंभकर्ण असेल, बारीक असला तरी, रात्री त्याचा श्वास ऐका आणि डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात.