युनिक्समधील प्रक्रिया-गटांचे व्यवस्थापन : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
संगणकशास्त्राच्या अध्यापनात ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास बहुधा पहिल्याच तासाला उरकला जातो आणि सिस्टिम कॉल मात्र कालातीत सूत्रांप्रमाणे शिकविले जातात. 'सेटपीजीआरपी' या कॉलच्या बाबतीत ही पद्धत दिशाभूल करणारी आहे. कारण या एकाच नावाखाली दोन भिन्न कल्पना दीर्घकाळ नांदत होत्या. त्यांचा उगम आणि त्यांच्यातील संघर्षातून निघालेला तोडगा यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

टर्मिनलचा गट :
बेल लॅबोरेटरीजच्या १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत गट होता, परंतु त्याचा संबंध कामाशी नसून टर्मिनलशी होता. एका टर्मिनलवरून सुरू झालेल्या सर्व प्रक्रिया सामान्यतः एकाच गटात राहत. व्यत्ययाची कळ दाबली की सिग्नल त्या सर्वांना जाई. पार्श्वभूमीवर चाललेले काम त्यातून वाचावे म्हणून शेल त्या प्रक्रियेला तो सिग्नल दुर्लक्षित करावयास लावी. हे संरक्षण केवळ सौजन्यावर आधारलेले होते. एखाद्या प्रोग्रामने आधीची स्थिती न तपासता स्वतःचा हँडलर बसविला, की ते नाहीसे होई.

दोन वाटा :
ऑस्ट्रियातील लाक्सेनबुर्ग येथील आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्थेत जिम कल्प यांनी कामांच्या नियंत्रणाची सोय प्रथम साकारली. ऑक्टोबर १९८० च्या चौथ्या बर्कली आवृत्तीत, वेगळ्या वाक्यरचनेसह, ती सी-शेलमध्ये आली. सी-शेलच्या माहितीपत्रकात कल्प यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही या सोयीचे सारे श्रेय बर्कलीला देण्याचा प्रघात पडला, हे खटकते. येथे प्रत्येक पाइपलाइन हा स्वतंत्र गट झाला. कंट्रोल-झेड दाबताच टर्मिनलच्या अग्रभागी असलेला गट तेवढा थांबे, आणि 'किलपीजी' या कॉलने संपूर्ण गटाला एकाच वेळी सिग्नल देता येई. त्यासाठी बर्कलीचा 'सेटपीजीआरपी' प्रक्रिया क्रमांक आणि गट क्रमांक असे दोन आर्ग्युमेंट घेत असे.

सिस्टिम व्ही मधील याच नावाचा कॉल एकही आर्ग्युमेंट घेत नसे. तो बोलावणाऱ्या प्रक्रियेला नव्या गटाची प्रमुख बनवी आणि टर्मिनलपासून तोडी. डीमन प्रक्रियांना हे सोयीचे होते. पण टर्मिनल न गमावता अपत्यांना वेगळ्या गटात बसविणे शेलला त्यामुळे अशक्य होई. मॉरिस बाख यांचा १९८६ मधील प्रसिद्ध ग्रंथ सिस्टिम व्ही वर आधारलेला असल्याने त्यात हाच अर्थ आढळतो. केवळ तो ग्रंथ वाचून बर्कली प्रणालीसमोर बसलेल्या विद्यार्थ्याचा गोंधळ उडाला, तर दोष त्याचा नव्हे.

बर्कलीची रचना निर्दोष होती असेही नाही. समान प्रभावी वापरकर्ता-क्रमांक असलेली कोणतीही प्रक्रिया दुसरीला हव्या त्या गटात ढकलू शकत असे. गटात कोणाला घालावयाचे हा अधिकार कोणाकडे असावा, या प्रश्नाचे उत्तर तेथे फारच सैल होते.

पॉझिक्सचा तोडगा :
१९८८ च्या पॉझिक्स मानकाने वादग्रस्त नावच बाजूस ठेवले. बर्कलीची कल्पना 'सेटपीजीआयडी'मध्ये आणि सिस्टिम व्हीची 'सेटसिड'मध्ये गेली. गटांच्या वर 'सत्र' हा नवा थर आला. प्रक्रियेला आता स्वतःचा किंवा आपल्या अपत्याचा गट बदलता येतो, तोही त्याच सत्राच्या आत. अपत्याने नवा प्रोग्राम चढविल्यानंतर पालकाचा हा अधिकार संपतो. या अखेरच्या अटीमुळे शेल लिहिणाऱ्यांना एक चमत्कारिक सवय लागली. फोर्कनंतर पालक आधी धावेल की अपत्य, हे निश्चित नसते. म्हणून दोघेही तोच कॉल करतात. जो मागाहून येतो त्याचा कॉल निरुपयोगी ठरतो, पण निरुपद्रवी असतो.

त्या मानकात कामांचे नियंत्रण ऐच्छिक होते. २००१ च्या आवृत्तीत ते अनिवार्य झाले. लिनक्सवरील जीएनयू सी लायब्ररीने बर्कली पद्धतीचा 'सेटपीजीआरपी' २०१४ मधील २.१९ आवृत्तीपासून वगळला. फ्रीबीएसडीने मात्र तो दोन आर्ग्युमेंटांसह जपला आहे.