बापूंच्या वस्तूंचे भाव

माझा एक नातू अमेरिकेत असतो. त्याला बेसबॉलच्या जुन्या कार्डांचा नाद आहे. कार्ड म्हणजे खेळाडूचं चित्र छापलेला पुठ्ठ्याचा तुकडा. आम्ही लहानपणी काडेपेट्यांचे छाप जमवायचो ना, तसलंच काहीसं. परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, मिकी मँटलचं १९५२ सालचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं." मी विचारलं, "कार्ड की वाडा?"

मग त्याने समजावलं. कार्ड तपासणाऱ्या कंपन्या असतात. त्या कोपरे, कडा, छपाई बघून दहापैकी गुण देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. त्या कार्डाला साडेनऊ गुण होते. गुण उतरले की भाव कोसळतो. लिलावातले असे भाव तो तारीखवार टिपून ठेवतो.

मी त्याला तेव्हा बोललो नाही, पण अशी एक वही माझ्याकडेही आहे. हजेरीपट भरण्यात आयुष्य गेलं, ती खोड! वहीत बापूंच्या वस्तूंच्या विक्रीचे भाव आहेत.

वर्ध्याच्या माणसाला टपालाची गोष्ट ठाऊक असतेच. बापू शेगावात राहायला आले आणि त्यांची पत्रं विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. बापूंच्या वस्तूंत सगळ्यांत चकित करणारा भाव मिळाला तोही टपालाच्याच एका तिकिटाला.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी बापूंची चार तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडची (खादीच्या माणसाची तिकिटं परदेशात छापली!). चित्राशेजारी नागरी आणि उर्दूत 'बापू' ही अक्षरं. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी काही तिकिटांवर इंग्रजीत 'सर्व्हिस' असं छापून घेतलं. तेव्हा त्या पदावर राजाजी होते, म्हणजे बापूंचे व्याहीच. दहा रुपयांची अशी तिकिटं अवघी शंभर.

२०११ साली त्यातलं एक जिनिव्हाच्या लिलावात १ लाख ४४ हजार युरोला गेलं. २०१६ साली एक १ लाख ६० हजार पौंडाला. आणि एप्रिल २०१७ मध्ये चार तिकिटांची जोडपट्टी ऑस्ट्रेलियातल्या एका संग्राहकाने ५ लाख पौंडांना घेतली, म्हणजे सुमारे चार कोटी रुपये. हा शेवटचा सौदा लिलावातला नव्हे, लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या व्यापाऱ्यांनी केलेला. म्हणून माझ्या वहीत तो वेगळ्या शाईत आहे. लिलावात बोली चढते ती चारचौघांसमोर. सौद्यात दोघंच असतात, दोन्ही आकडे एका रकान्यात कसे मांडणार?

आता गंमत बघा. साध्या दहा रुपयांच्या तिकिटात आणि त्या तिकिटात फरक काय, तर सात इंग्रजी अक्षरं. ती खोटी छापणं अवघड नाही. म्हणून तज्ज्ञाचा दाखला लागतो. नातवाच्या डबीसारखंच झालं हे. पैसे वस्तूचे कमी आणि तिच्यासोबतच्या कागदाचे जास्त.

चष्म्याचंही तेच. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला चष्मा, खिशातलं घड्याळ, चपला, वाटी आणि ताट असं सगळं एकत्र १८ लाख डॉलरला गेलं. अंदाज होता वीस-तीस हजारांचा. घेणारे विजय मल्ल्या! आमचा जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा इथे पारावर काय काय बोललं गेलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. पण एकट्या चष्म्याचा भाव त्यातून निघत नाही. तो मिळाला ऑगस्ट २०२० मध्ये. इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका लिलावघराच्या टपालपेटीत कुणीतरी साध्या पाकिटात चष्मा टाकून गेलं होतं. मालकाच्या घरातली हकीकत अशी की, दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असलेल्या काकांना तो बापूंकडून मिळाला. अंदाज १० ते १५ हजार पौंड, गेला २ लाख ६० हजारांना.

वहीतली सगळ्यांत ताजी नोंद जुलै २०२५ ची आहे. क्लेअर लेटन या बाईंनी १९३१ साली बापूंना समोर बसवून काढलेलं तैलचित्र लंडनला १ लाख ५२ हजार ८०० पौंडांना विकलं गेलं.

एका नोंदीपाशी मात्र पान उलटताना हात थांबतो. जून २०११. सेवाग्राम आश्रमात ठेवलेला बापूंचा चष्मा जागेवर नाही, अशी बातमी आली होती. न्यूयॉर्कच्या त्या आकड्याला जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. दोन्हींचा संबंध होता असं मी म्हणत नाही, पण तो आकडा मीही चारजणांना मोठ्या हौसेने ऐकवला होता. त्यानंतर वर्षभर मी वहीत काही लिहिलं नाही. ती ओळ अजून आहे, भावाचा रकाना कोराच आहे.

असो. घरोघरच्या जुन्या ट्रंकांत १९४८-४९ ची पत्रं असतील, तर एकदा बघा. दीड आण्याचे बापू सापडले तर पाकिटावरून तिकीट सोलू नका. आहे तसंच राहू द्या, आणि मला जरूर कळवा. भावासाठी नाही, कुणी कुणाला काय लिहिलं होतं ते वाचायला आवडेल.