गाण्याला लिपी नसते : मोल्दोव्हाच्या संगीताची गोष्ट

प्रुत नदीच्या काठी उंगेनी नावाचे एक लहान शहर आहे. मोल्दोव्हाची राजधानी किशिनाऊ येथून रोमानियाच्या बुखारेस्टला निघालेली रेल्वेगाडी या शहरात बराच वेळ खोळंबते. सोव्हिएत रुंदीचे रूळ येथे संपतात. प्रवासी आत बसलेले असतानाच एकेक डबा वर उचलला जातो, खालचे चाकांचे सांगाडे काढून युरोपीय रुंदीचे सांगाडे बसवले जातात आणि मग गाडी नदी ओलांडते. एका रुळाची रुंदी १५२० मिलिमीटर, दुसऱ्याची १४३५. म्हणजे फरक अवघा ८५ मिलिमीटरचा.

नदीच्या दोन्ही तीरांवर भाषा मात्र एकच बोलली जाते आणि लग्नात हातात हात गुंफून गोल फेर धरायचा तो ‘होरा’ नाचही एकच. २०२२ साली ‘झ्दोब शी झ्दुब’ हा रॉक वाद्यवृंद आणि आद्वाहोव बंधू यांनी तुरिनच्या युरोव्हिजन स्पर्धेत याच गाडीवर रचलेले ‘त्रेनुलेत्सुल’ हे गाणे सादर केले. परीक्षकांनी त्याला फारशी किंमत दिली नाही, पण प्रेक्षकांच्या मतांत ते दुसरे आले. अनेकांना ते एक धमाल नाचगाणे वाटले असेल. मोल्दोव्हाच्या श्रोत्यांना त्या धमालीखाली दोनशे वर्षांचा इतिहास ऐकू येत होता.

तो इतिहास असा. मोल्दाविया हे कार्पेथियन पर्वतापासून नीस्त्रू (द्नीस्तर) नदीपर्यंत पसरलेले, ऑटोमन सुलतानाला खंडणी देणारे एक संस्थान होते. १८१२ च्या बुखारेस्ट तहाने त्याचा प्रुतच्या पूर्वेकडचा अर्धा भाग रशियाच्या झारला मिळाला आणि त्याला ‘बेसराबिया’ म्हटले जाऊ लागले. पश्चिमेकडचा अर्धा भाग पुढे रोमानिया झाला. १९१८ मध्ये बेसराबिया रोमानियात सामील झाला, १९४० मध्ये स्टालिनने तो हिसकावला, युद्धात रोमानियाने परत घेतला आणि १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य पुन्हा आले. एखादा वादक १९१० साली जन्मला असेल आणि आयुष्यभर आपल्या गावातून हलला नसेल, तरी चाळिशीच्या आत त्याचा देश चार वेळा बदलला.

हे वादक कोण होते? त्यांना ‘लाउतार’ म्हणत. व्हायोलिन, छेडून वाजवायची आखूड मानेची ‘कोब्झा’, बांबूच्या नळ्या ओळीने जोडून केलेला ‘नाय’ आणि पुढच्या काळात काठ्यांनी वाजवायचा ‘त्सांबाल’ ही त्यांची वाद्ये. आपल्या संतूरचा हा दूरचा भाऊ. लग्न, बारसे, जत्रा, अंत्यविधी यांपैकी काहीही लाउतारांवाचून पार पडत नसे. त्यांच्यापैकी फार मोठा वर्ग रोमा लोकांचा होता. रोमांचे पूर्वज भारतातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’ म्हणणारी ती भाषा मराठी वाचकाला परकी वाटू नये.

मात्र या नात्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. मोल्दावियात रोमा हे गुलाम होते. जमीनदार सरदारांचे, मठांचे आणि राज्याचे गुलाम म्हणून ते विकले जात, हुंड्यात दिले जात. खासगी मालकीचे गुलाम तेथे मुक्त झाले ते १८५५ साली. ज्या संगीताला पुढे ‘राष्ट्राचा आत्मा’ म्हणून गौरवले गेले, ते शतकानुशतके वाजवणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःच्या देहावरही हक्क नव्हता. मोल्दाव्हियन संगीताच्या गौरवग्रंथांत हे सहसा एका वाक्यात उरकले जाते.

याशी शहरातील बार्बू लाउतारू हा त्या काळातील सर्वांत नामांकित वादक. १८४७ च्या जानेवारीत पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याशीत आला होता. आख्यायिका सांगते, की एका सरदाराच्या वाड्यात लिस्टने ऐनवेळी सुचेल ते वाजवले आणि वृद्ध बार्बूने ते एकदाच ऐकून व्हायोलिनवर स्वरास स्वर वाजवून दाखवले. गोष्टीला सांगणाऱ्यांनी रंग चढवला असणार; पण ती टिकली यामागे कारण आहे. लाउताराला स्वरलिपी येत नसे. त्याची सारी विद्या कानात आणि बोटांत असे. कागदावर काहीच नसल्यामुळे पुढे कोणत्याही सरकारला ती जप्त करता आली नाही.

कान सगळ्यांकडून घेत होते. बेसराबियाच्या गावांत ज्यू क्लेझ्मर वादक आणि रोमा लाउतार एकाच लग्नात शेजारी बसून वाजवत. दोघांच्या सुरावटी एकमेकांत इतक्या मिसळल्या, की ‘बुल्गार’ हा बेसराबियातील नाच विसाव्या शतकात अमेरिकेतील ज्यू वादकांचा सर्वांत आवडता प्रकार झाला. इस्रायलचे राष्ट्रगीत ‘हातिक्वा’ ज्या चालीवर गायले जाते, ती सॅम्युअल कोहेन या तरुण ज्यू शेतकऱ्याने ‘कारुल कु बोई’, म्हणजे ‘बैलगाडी’, या मोल्दाव्हियन लोकगीताच्या आठवणीवरून बसवली होती. ज्या किशिनाऊच्या परिसरात ही देवाणघेवाण चालू होती, त्याच शहरात १९०३ साली ज्यूंवर हल्ले होऊन जवळपास पन्नास माणसे मारली गेली. एकत्र वाजवणे म्हणजे एकत्र नांदणे नव्हे, हे त्या शहराने फार लवकर पाहिले.

सोव्हिएत राज्य आल्यावर संगीताची व्यवस्था पूर्ण पालटली. नव्या सत्तेला मोल्दाव्हियन लोक हे रोमानियन लोकांपेक्षा वेगळे ठरवायचे होते. त्यासाठी ‘मोल्दाव्हियन’ नावाची वेगळी भाषा जाहीर झाली आणि ती रशियन सिरिलिक लिपीत लिहिण्याची सक्ती झाली. बोलणे तेच, व्याकरण तेच, अक्षरे दुसरी. रोमानियन महाकवी मिहाई एमिनेस्कू याच्या कविताही येथे सिरिलिकमध्ये छापल्या जात.

लोकसंगीताचे मात्र सरकारने लाड केले. १९४५ मध्ये किशिनाऊत ‘झोक’ हा सरकारी लोकनृत्यसमूह उभा राहिला, ‘फ्लुयेराश’ हा लोकवाद्यवृंदही त्याच सुमाराचा. पूर्वी चार-पाच लाउतार एकमेकांकडे पाहून वाजवत. आता गणवेशातील अनेक वादक संचालकाच्या हाताकडे पाहून वाजवू लागले. त्यांची तयारी थक्क करणारी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. ‘झोक’ने जगभर दौरे केले. पण तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १९४६-४७ मध्ये याच प्रदेशात दुष्काळ आणि धान्याची सक्तीची वसुली यांमुळे हजारो माणसे उपाशी मेली. ६ जुलै १९४९ च्या रात्री ३५,००० हून अधिक लोकांना मालडब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले. त्यांत बहुतांश शेतकरी कुटुंबे होती. रंगमंचावरील भरतकाम केलेल्या सदऱ्यातला हसरा खेडूत आणि गाडीत चढवला जाणारा खेडूत हे एकाच गावचे होते.

‘दोइना’ या प्रकाराचे काय झाले, हे पाहिले म्हणजे फरक कळतो. दोइना म्हणजे विरह, परकेपणा, नशीब यांवर एकट्याने म्हणायचे मुक्त लयीतील आर्त गाणे. त्याला ताल नसतो. गाणारा श्वासाप्रमाणे ते लांबवतो. सामूहिक वृंदाला हे सोयीचे नव्हते आणि अधिकृत आशावादाला तर नव्हतेच. दोइना बंद पडली नाही, पण कार्यक्रमांत ती जलद नाचाआधीची लहानशी प्रस्तावना होऊन बसली.

दोइनेची ती आर्तता अनपेक्षित जागी पुन्हा उमटली : विजेवर चालणाऱ्या गिटारीत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिहाई दोल्गान या तरुण संगीतकाराने किशिनाऊच्या सरकारी फिलहार्मोनिक संस्थेत ‘नोरोक’ हा वाद्यवृंद उभा केला. ‘नोरोक’ म्हणजे नशीब. पेला उंचावतानाही हाच शब्द उच्चारतात. सोव्हिएत देशात खासगी बँड असू शकत नसे. प्रत्येक गट एखाद्या सरकारी संस्थेला जोडलेला हवा, त्याचे नाव ‘गायन-वाद्य समूह’ असे निरुपद्रवी हवे आणि गाण्यांची यादी मंजूर हवी. नोरोकने ही सारी चौकट पाळली. तिच्या आत त्यांनी बीटल्सच्या पिढीचा ठेका आणि मोल्दाव्हियन खेड्यातील सूर यांची सांगड घातली.

त्यांचे ‘दे चे प्लिंग कितारेले’, म्हणजे ‘गिटारी का रडतात’, हे गाणे एफिम क्रिमेरमान यांनी लिहिले, दोल्गानने त्याला चाल दिली. ते सोव्हिएत संघात दूरवर पोहोचले. साऱ्या संघात गाजायचे तर गाणे रशियनमध्ये हवे, असा त्या काळचा अलिखित नियम. हे गाणे मूळ भाषेतच लोकांच्या तोंडी बसले. तबकडीच्या वेष्टनावर शीर्षक सिरिलिकमध्ये छापलेले असे. पण सुई तबकडीवर टेकली की जे ऐकू येई, ते प्रुतपलीकडच्या श्रोत्यालाही जसेच्या तसे कळे. वेगळ्या भाषेचा सारा सरकारी सिद्धान्त तीन मिनिटांच्या गाण्यात कोसळत होता. यासाठी कोणी घोषणा दिली नव्हती.

कार्यक्रमांना तरुणांची झुंबड उडू लागली आणि तेच अधिकाऱ्यांना खुपले. १९७० मध्ये, ऐन भरात असताना, प्रजासत्ताकाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने नोरोक बरखास्त केले. दोल्गानला मोल्दाव्हियाबाहेर, रशियातील तांबोव शहरी जावे लागले. तेथे त्याने जो गट चालवला, त्याचे नाव होते ‘गिटारी काय गातात’. रडण्याऐवजी गाणे! सेन्सॉरच्या जगात एका क्रियापदालाही किती सांभाळावे लागते, ते या नावात दिसते. १९७४ मध्ये तो किशिनाऊला परतला, पण जुने नाव मिळाले नाही. गट ‘कोंतेंपोरानुल’, म्हणजे ‘समकालीन’, या नावाने वाजवू लागला.

त्याच काळात इतरांचे बरे चालले होते. येव्गेनी दोगा यांचा १९७८ च्या एका चित्रपटातील वॉल्ट्झ सोव्हिएत लग्नांत हमखास वाजू लागला. त्याला शब्दच नसल्यामुळे भाषेची अडचण उद्भवली नाही.

गाणे आणि लिपी यांची गाठ सर्वांत घट्ट पडली ती कवी ग्रिगोरे व्हिएरू यांच्या आयुष्यात. प्रुतच्या अगदी काठावरच्या पेरेरिता गावात १९३५ साली त्यांचा जन्म झाला. पलीकडच्या तीरावरचे गाव डोळ्यांना दिसे, पण मध्ये काटेरी कुंपण. १९७० साली त्यांनी स्पिरिदोन व्हांगेली यांच्यासह मुलांसाठी अंकलिपी तयार केली. ती अर्थातच सिरिलिकमध्ये होती. एका पूर्ण पिढीने व्हिएरूंच्या हाताने ती अक्षरे गिरवली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेच व्हिएरू लॅटिन लिपी परत मिळावी म्हणून झगडणाऱ्यांच्या अग्रभागी होते आणि त्यांचे शब्द इओन आणि दोइना आल्देआ-तेओदोरोविच हे दांपत्य गात होते.

इओन संगीतकार आणि गायक, लेओव्हा गावचा. दोइना त्याची पत्नी आणि सहगायिका. पियानो आणि दोन आवाज, एवढाच त्यांचा पसारा. ‘एमिनेस्कू’ या त्यांच्या गाण्याचे शब्द व्हिएरूंचे. एका कवीचे नाव गाण्याचे शीर्षक होणे ही अन्यत्र साधी गोष्ट. तेथे ते आपली भाषा कोणती, याचे उत्तर होते. २७ ऑगस्ट १९८९ रोजी किशिनाऊच्या चौकात लाखोंचा समुदाय जमला आणि ३१ ऑगस्टला कायदा झाला : भाषा राज्यभाषा आणि लिपी लॅटिन. दोन वर्षांनी, २७ ऑगस्ट १९९१ रोजी, देश स्वतंत्र झाला. १९९२ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस बुखारेस्टहून परतताना रोमानियातील कोशेरेनी गावाजवळ मोटार अपघातात इओन आणि दोइना दोघेही ठार झाले. तो ३८ वर्षांचा होता, ती ३४ वर्षांचीही झाली नव्हती. मागे लहान मुलगा उरला. नीस्त्रूपलीकडच्या पट्ट्यातले, ट्रान्सनिस्ट्रियातले, युद्ध त्याच वर्षी होऊन गेले होते. त्या पट्ट्यात सिरिलिक लिपी आजही अधिकृत आहे.

पुढची पिढी हसतखेळत आली. २००३ मध्ये ‘ओ-झोन’ या मोल्दाव्हियन त्रयीचे ‘द्रागोस्तेआ दिन तेई’ निघाले आणि पुढच्याच वर्षी जर्मनी-फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, तेही इंग्रजीची कुबडी न घेता. २००५ मध्ये युरोव्हिजनच्या मंचावर ‘झ्दोब शी झ्दुब’ने ढोल बडवणारी खरीखुरी आजीबाई बसवली, देश पहिल्याच खेपेत सहावा आला.

राष्ट्रगीताचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेता येण्यासारखा नव्हता. स्वातंत्र्यानंतर मोल्दोव्हाने रोमानियाचेच राष्ट्रगीत घेतले होते. १९९४ मध्ये ते बदलून ‘लिंबा नोआस्त्रा’, म्हणजे ‘आमची भाषा’, हे गीत स्वीकारले गेले. कविता आलेक्सेई मातेएविच या पाद्र्याची, १९१७ सालची. त्याच वर्षी सैन्यात सेवा करताना टायफसने तो २९ व्या वर्षी मेला. संगीत आलेक्सान्द्रू क्रिस्तेआ यांचे. हे गीत भाषेचे गुणगान करते, तिला नाना उपमा देते, पण त्या भाषेचे नाव एकदाही घेत नाही. १९९४ च्या राज्यघटनेने तिला ‘मोल्दाव्हियन’ म्हटले, २०१३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ‘रोमानियन’ ठरवले आणि २०२३ च्या मार्चमध्ये संसदेने सर्व कायद्यांत तोच शब्द घातला. गीतात एक अक्षरही बदलावे लागले नाही.