तकफीरचा प्रवास : मार्दिनपासून कैरोच्या तुरुंगापर्यंत

कुठेही अतिरेकी हल्ला झाला की आपल्याकडे दोन वाक्यं लगेच तयार असतात. एक, ‘हे सगळं त्यांच्या धर्मातच आहे.’ दुसरं, ‘याचा इस्लामशी काहीएक संबंध नाही.’ पहिलं वाक्य चौदाशे वर्षांचा इतिहास पुसून टाकतं. दुसरं आपल्या सोयीचं आहे, पण हल्लेखोर ज्या पुस्तकांचे दाखले देतात ती कुणी, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली, या प्रश्नाला ते बगल देतं. या जहाल विचाराला लेखक आहेत, तारखा आहेत. म्हणून तो तपासता येतो.

त्याच्या मुळाशी ‘तकफीर’ आहे. तकफीर म्हणजे कलमा पढणाऱ्या मुसलमानाला काफिर ठरवणं. प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळातला एक प्रसंग हदीसमध्ये प्रसिद्ध आहे. लढाईत कलमा उच्चारलेल्या माणसाला उसामा बिन जैद यांनी ठार केलं. तो जिवाच्या भीतीनं कलमा म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा तू त्याचं काळीज फाडून पाहिलंस का, या अर्थाचा प्रश्न करून प्रेषितांनी त्यांना खडसावलं. मनातलं अल्लाह जाणतो, माणसानं जिभेवरच्या कलम्यावर थांबावं, हा दंडक तिथून आला.

तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मोडला खारिजींनी. इ.स. 657 मध्ये सिफ्फीनच्या लढाईत हजरत अली यांनी लवाद मान्य केला, तेव्हा त्यांच्याच सैन्यातला एक गट ‘हुकूम फक्त अल्लाहचा’ म्हणत बाहेर पडला. या गटानं अलींनाच धर्मबाह्य ठरवलं. 661 मध्ये कुफ्याच्या मशिदीत अलींवर वार करणारा इब्न मुलजम याच गटातला. नमाज-रोज्यात कुणापेक्षाही कमी नसलेल्या या माणसांना मुस्लिम परंपरेनं कायम धोक्याची खूण मानलं.

पुढचा टप्पा मंगोलांचा. 1258 मध्ये बगदाद पडलं. इब्न तैमिया यांचा जन्म 1263 चा, हर्रानचा. मंगोलांच्या भीतीनं कुटुंबानं गाव सोडलं तेव्हा ते लहान होते. पुढे मंगोल सुलतान गाझाननं इस्लाम स्वीकारला आणि तरीही सीरियावर स्वारी केली. मुसलमान आक्रमकाशी लढायचं का, हा पेच लोकांपुढे होता. मंगोल शरियतऐवजी चंगीजखानाचा ‘यासा’ पाळतात, तेव्हा लढणं योग्यच, असं इब्न तैमियांनी सांगितलं. दारात उभ्या असलेल्या परक्या फौजेबद्दलचा तो फतवा होता.

त्यांचाच दुसरा फतवा मार्दिन शहराबद्दलचा. तिथे राहणारे मुसलमान, सत्ता मंगोलांच्या अंकित. इब्न तैमियांचं उत्तर होतं की मार्दिनच्या मुसलमानांचं रक्त आणि मालमत्ता सुरक्षित आहे, त्यांना दांभिक म्हणू नये, आणि हे शहर ना पुरतं ‘दारुल इस्लाम’ ना ‘दारुल हरब’. तिथल्या मुसलमानाला त्याच्या योग्यतेप्रमाणे वागवावं आणि शरियतच्या बाहेर गेलेल्याला त्याच्या. पण 1909 मध्ये छापलेल्या प्रतीत शेवटच्या वाक्यात ‘युआमलु’ म्हणजे ‘वागवावं’ याऐवजी ‘युकातलु’ म्हणजे ‘लढावं’ असं छापलं गेलं. अरबीत दोन अक्षरांचा फरक. जुनं हस्तलिखित आणि आधीच्या ग्रंथांतली उद्धरणं तपासून 2010 मध्ये मार्दिनमध्येच जमलेल्या उलेमांनी ही चूक जाहीरपणे मांडली. तोवर जहाल गटांनी चुकीच्या पाठावर शंभर वर्षं काढली होती.

विसाव्या शतकाची कडी आपल्या मराठवाड्यातून जाते. मौलाना मौदूदी यांचा जन्म 1903 चा, औरंगाबादचा. सार्वभौमत्व फक्त अल्लाहचं, ही कल्पना त्यांनी आधुनिक राज्यशास्त्राच्या भाषेत मांडली आणि आधुनिक समाजाला ‘जाहिलियत’ची कसोटी लावली. हे लिखाण अनुवादातून अरब जगात पोचलं. मौदूदींशी न्यायानं वागायचं तर हेही नोंदवलं पाहिजे की गुप्त सशस्त्र संघटनांना त्यांचा विरोध होता. 1948 मध्ये काश्मीरबाबत त्यांनी म्हटलं होतं की सरकारांमध्ये करार असताना लोकांनी परस्पर जिहाद पुकारणं शरियतला धरून नाही. त्यासाठी पाकिस्तानात त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

इजिप्तमध्ये ही कल्पना सय्यद कुत्ब यांच्या हाती आली. कुत्ब मूळचे साहित्य समीक्षक, शिक्षण खात्यातले नोकर. 1948 ते 1950 अमेरिकेत राहून आले, मग इख्वानुल मुस्लिमीनमध्ये गेले. 1954 मध्ये नासरवर गोळीबार झाला आणि हजारो इख्वानी तुरुंगात गेले, त्यात कुत्बही. छळ झाला. 1957 मध्ये तुरा तुरुंगात वीसहून अधिक कैदी गोळ्या घालून मारले गेले. मारणारेही मुसलमान होते. मग हे कसले मुसलमान, या प्रश्नातून ‘मआलिम फित तरीक’ हे पुस्तक आकाराला आलं. त्यात कुत्ब यांनी स्वतःला मुस्लिम म्हणवणारे समाजसुद्धा जाहिलियतमध्ये मोजले. 1964 मध्ये पुस्तक छापलं, 1966 मध्ये कुत्ब फासावर गेले आणि पुस्तक अमर झालं.

इथे एक माणूस आपण नेहमी विसरतो. हसन अल-हुदैबी. इख्वानचे तत्कालीन प्रमुख, पेशानं न्यायाधीश. त्यांनाही फाशीची शिक्षा झाली होती, ती जन्मठेपेत बदलली. तुरुंगातले तरुण तकफीरची भाषा बोलू लागल्यावर त्यांच्या नावानं ‘दुआत ला कुजात’ हे पुस्तक पुढे आलं. अर्थ, ‘आम्ही निमंत्रण देणारे आहोत, न्यायाधीश नाही’. कलमा पढला तो मुसलमान, त्याच्या ईमानचा निवाडा करणं आपलं काम नाही, ही त्यातली भूमिका. छळानं माणूस जहाल होतो हे खरं, पण त्याच छळातून हुदैबी दुसऱ्या निष्कर्षावर आले.

जहाल गटांनी हुदैबी वाचले नाहीत. 1977 मध्ये शुक्री मुस्तफाच्या गटानं माजी वक्फमंत्री शेख जहबी यांचं अपहरण करून खून केला. जहबी अझहरचे विद्वान, कुरआनच्या तफसीरचे अभ्यासक. मग अब्दुस्सलाम फरज नावाच्या विद्युत अभियंत्यानं पुस्तिका लिहिली. आजचे राज्यकर्ते म्हणजे मंगोल, असं म्हणत त्यानं मार्दिनचा फतवा तोच चुकीचा पाठ घेऊन वापरला. 6 ऑक्टोबर 1981 रोजी अन्वर सादात मारले गेले. मुफ्ती जादुल हक यांनी त्या पुस्तिकेचं सविस्तर खंडन केलं. त्याच खटल्यातला एक आरोपी अयमन अल-जवाहिरी. पुढे अफगाणिस्तान आणि ओसामा बिन लादेन. तिथे परदेशी पैसा, शस्त्रं आणि महासत्तांचं राजकारण आलं. पण युक्तिवादाची मुळाक्षरं आधीच गिरवून झाली होती.

या साखळीत एक गोष्ट सारखी दिसते. खारिजींनी अलींना, शुक्रीच्या माणसांनी जहबींना मारलं. तकफीरचा पहिला बळी मुसलमानच असतो.

म्हणून ‘आमचा संबंध नाही’ एवढं म्हणून सुटका होत नाही. आपल्या मोहल्ल्यात कुणी बंदूक उचलत नाही. पण मिंबरवरून दुसऱ्या मसलकला काफिर म्हणणं, त्याच्यामागे नमाज होत नाही, त्याच्या घरी निकाह लावू नका, असं सांगणं आपल्या कानांना खटकत नाही. पाकिस्तानात 1953 च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी उलेमांना मुसलमानाची व्याख्या विचारली, तेव्हा दोघांचंही एकमत झालं नाही. प्रत्येकाची व्याख्या घेतली तर बाकीचे बाहेर पडत होते. मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी फतवे वाचणाऱ्या आपल्या मुलांना कुत्ब यांचं नाव कळेलच. त्याआधी त्यांना हुदैबींचं नाव कळावं. आणि उसामांचा प्रसंग जुम्म्याच्या बयानात अधूनमधून ऐकू यावा, एवढं तर आपल्या हातात आहे.